वयाची रांग

हे घडलं १९९२ साली. झेलमच्या लोकांना सालं लक्षात ठेवायची सवय नाही. विचारलं तर सांगतात, ज्या वर्षी रमजानात आपली पोरं विश्वचषक जिंकली आणि सप्टेंबरात नदी घरात शिरली, ते वर्ष. चषक आणि पूर यांच्या मधल्या उन्हाळ्यात आमच्या लोहार गल्लीतल्या बरकत बीबी विलायतेला जायला निघाल्या आणि त्यांच्यापायी अख्ख्या गल्लीतल्या बायका म्हाताऱ्या झाल्या.

बरकत बीबींची मुलगी नाहीद ब्रॅडफर्डला दिली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. आता पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून तिच्याकडे जायचं, असं बरकत बीबींनी ठरवलं आणि पासपोर्ट निघायच्या आधीच बाळंतिणीला खायला घालायची रव्या-डिंकाची पंजिरी भाजायला घेतली.

"बेबे, अजून चार महिने आहेत," सून शमीम म्हणाली. "रव्याला वास येईल."

"वास आला की दुसरी भाजू. तोवर हात रिकामे ठेवून बसू का?"

त्या उन्हाळ्यात बरकत बीबी स्वस्थ बसलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. डिंक तळून झाला की त्या दारात येत, दारातून गच्चीवर जात, गच्चीवरून पुन्हा चुलीपाशी. पासपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी मुलाला, तन्वीरला, टायरच्या दुकानातून बोलावून घेतलं आणि बुरखा चढवून कचेरीकडे निघाल्या.

कचेरीबाहेर शिरीषाच्या झाडाखाली मिर्झासाहेब टाइपरायटर मांडून बसत. ते स्वतः कधी पुलापलीकडच्या सराय आलमगीरच्या पुढे गेले नव्हते, पण विलायतेच्या व्हिसाचे नियम त्यांना तोंडपाठ होते. जे पाठ नव्हते ते ते तिथल्या तिथे तयार करत.

"मुलं किती?" मिर्झासाहेबांनी विचारलं.

"दोन. हा तन्वीर आणि ती नाहीद."

"तन्वीरचा जन्म?"

"चौपन्न सालचा," तन्वीर म्हणाला.

मिर्झासाहेबांनी बरकत बीबींचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "बीबी, सरकारच्या हिशोबाने तुम्ही शेहेचाळीस साली जन्मलात."

"जन्मले असेन."

"म्हणजे तुम्ही आठव्या वर्षी आई झालात."

बरकत बीबींनी क्षणभर विचार केला. "तेव्हाच्या मुली लवकर जाणत्या व्हायच्या," त्या म्हणाल्या.

"बेबे," तन्वीर हळूच म्हणाला.

"हसण्यावारी नेऊ नका," मिर्झासाहेबांनी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले. "गोरा साहेब म्हणेल, ही आई नव्हेच. भलतीच कोणी बाई आई बनून निघाली आहे. आणि एकदा तो नाही म्हणाला की पुढच्या सात पिढ्यांना व्हिसा नाही."

"सात पिढ्या?"

"नियमच आहे."

आता हे असं कसं झालं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौऱ्याहत्तर साली ओळखपत्रं नवी निघाली तेव्हा सरकारचा कारकून गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून बसला आणि त्याने बायकांची रांग लावली. रांगेत सर्वांत पुढे होत्या फुफी सरवरी, म्हणजे तन्वीरची आत्या, बरकत बीबींच्या दिवंगत नवऱ्याची बहीण. कारकुनाने वय विचारलं. फुफी सरवरींनी ओढणी सावरली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी शांतपणे सांगितलं, "तीस." त्यांच्या मागे बरकत बीबी. त्या खरोखरच नणंदेहून तीन वर्षांनी लहान. नणंद तीस म्हणाल्यावर त्यांनी चाळीस कुठून म्हणायचं? त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस." त्यांच्या मागच्या बायका आणखी खाली उतरल्या. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका आजीबाई जवळजवळ बिनलग्नाच्या ठरल्या. कारकून बिचारा मुलतानचा. त्याला वाटलं, झेलमच्या पाण्यातच काहीतरी असावं.

"उपाय एकच," मिर्झासाहेब म्हणाले. "शपथपत्र. बीबींना लग्नापासून ओळखणारं, त्यांच्याहून थोरलं माणूस कचेरीत आलं पाहिजे. त्याने सांगायचं, या बाईचं वय अमुक, आणि मी हिच्याहून मोठा आहे."

"एवढंच ना?" तन्वीर म्हणाला. "अख्खी गल्ली येईल."

अडतीस वर्षं बायकांच्या घरात राहूनही त्याला बायकांची काही माहिती नव्हती, असंच म्हणायला हवं.

तो पहिल्यांदा गेला झोहरा खालांकडे. पस्तीस सालच्या क्वेट्याच्या भूकंपाची गोष्ट सांगता सांगता झोहरा खालांचे दात पडले होते. भिंत कलली तेव्हा धाकट्या भावाला कडेवर मारून त्यांनी अंगणात कशी उडी घेतली, हे गल्लीतली दोन पिढ्यांची मुलं दर हिवाळ्यात शेंगदाणे खात ऐकत आली होती.

"खाला, भूकंपाच्या वेळी बेबे रांगत असेल," तन्वीर म्हणाला. "तुम्ही केवढ्या होतात?"

"मी?" झोहरा खालांनी जपमाळ थांबवली. "मी कुठली असायला? ती गोष्ट माझ्या आईची, बाळा. मी तेव्हा तिच्या पोटात होते."

"मग कडेवरचा भाऊ?"

"तो आईचा भाऊ."

मशिदीतले मौलवीसाहेब ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं तुझ्या आईला बुरख्यात येता-जाता पाहतोय. बुरख्याचं वय विचारलंस तर सांगतो, एकदाच बदललाय. आतल्या बाईचं कसं सांगू?"

मग तन्वीर फुफी सरवरींच्या नवऱ्याला, सुभेदार जहांदाद यांना, चहाच्या टपरीवर गाठायला गेला. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरची साय पुसली आणि आवाज खाली आणला.

"तन्वीर, पासष्टला मी आघाडीवर होतो. एकाहत्तरला होतो, दोन वर्षं कैदेत काढली. पण तुझ्या आईचं वय मी सांगितलं की पाठोपाठ तुझ्या फुफीचं निघतं. तेवढं धाडस माझ्यात नाही."

"मग फुफीलाच विचारू?"

"विचार. मला मात्र भेटला नाहीस."

अडचण इथेच होती. फुफी सरवरी आणि बरकत बीबी सात वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. समोर आल्याच तर दोघी एकमेकींना "आपा" म्हणत आणि दोघींचा तो शब्द टाचणीसारखा टोचे, कारण थोरल्या बहिणीला आपा म्हणतात आणि दोघींनाही थोरलं व्हायचं नव्हतं. एका लग्नात फोटोवाला फुफी सरवरींना म्हणाला होता, "माँजी, तुम्ही खुर्चीवर बसा, लेकीला मागे उभी राहू द्या." लेक म्हणजे बरकत बीबी. तिथे गप्प राहिल्या असत्या तर निभावलं असतं. पण बरकत बीबी हसल्या. पुलावाची ताटं यायच्या आत फुफी सरवरी सुभेदारांना घेऊन घरी गेल्या होत्या.

"तिच्या दारात मी जाणार नाही," बरकत बीबी म्हणाल्या. "तुझा मिर्झा दुसरा नियम काढेल."

मिर्झासाहेबांनी दुसरा नियम काढला नाही. धाडलेल्या अर्जावर दूतावासातून मुलाखतीची तारीख मात्र आली. पंजिरीला खरोखरच वास आला, ती शेजारच्या म्हशीला घातली आणि दुसरी भाजली. बरकत बीबी दुपारच्या उन्हात गच्चीवर फेऱ्या घालू लागल्या तेव्हा शमीमने निरोप आणला की दुकानात नाहीदचा फोन येणार आहे.

"बेबे, तुम्ही याल ना?" नाहीद म्हणाली. "इथे सगळं चांगलं आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. पण मला झोप येत नाही. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. झोप यायची नाही आणि मग..."

"येते मी," बरकत बीबी म्हणाल्या. "तू कोमट दूध पी. मी आलेच म्हणून समज."

फोन ठेवून त्या तिथल्याच एका ट्रकच्या टायरवर बसल्या. गिऱ्हाइकाला तोच टायर हवा होता, पण त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. मग त्या आपणच उठल्या, घरी गेल्या, पंजिरीचं ताट रुमालाने झाकलं आणि पलीकडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

फुफी सरवरी अंगणात खाटेवर केसांना मेंदी लावून बसल्या होत्या.

"सलाम, आपा," बरकत बीबी म्हणाल्या.

"वालेकुम सलाम, आपा." फुफींनी मान वळवली नाही. "काय हवंय? कारण असल्याशिवाय तुम्ही हा उंबरा चढायच्या नाहीत."

"वय हवंय."

"माझ्याकडे कुठलं? आहे तेच पुरवून पुरवून वापरतेय."

"आपा, त्या दिवशी रांगेत तीस कोण म्हणालं?"

"मी तीस म्हणाले तर तुम्ही बत्तीस म्हणायचं होतं. मी काय तोंड धरलं होतं?"

"धाकटी असून बत्तीस म्हणू?"

"धाकटी कोण?" फुफी सरवरींनी आता मान वळवली. कपाळावरून मेंदीचा ओघळ आला होता.

बरकत बीबींच्या ओठांवर उत्तर तयार होतं. चाळीस वर्षं तयार होतं. त्यांनी ते गिळलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

"नाहीदला झोप येत नाही, आपा. लहानपणी तुमच्याच मांडीवर झोपायची. मी घेतली की रडायची. मला फार राग यायचा."

फुफी सरवरींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कपाळावरचा मेंदीचा ओघळ पुसला.

"तिला उजव्या कुशीवर थोपटावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही डाव्या कुशीवर थोपटायच्या. किती वेळा सांगितलं."

"सांगितलंत."

"तिकडे जाऊन बाळालाही डाव्या कुशीवर थोपटाल."

"थोपटेन. मला दुसरं येत नाही."

फुफींनी रुमाल बाजूला केला, चिमूटभर पंजिरी तोंडात टाकली. "तूप कमी पडलंय," त्या म्हणाल्या. मग डोक्याला फडकं गुंडाळत त्यांनी विचारलं, "कचेरी सकाळी कधी उघडते?"

दुसऱ्या दिवशी फुफी सरवरी कचेरीत निघाल्या, ही बातमी गल्लीत लपणं शक्यच नव्हतं. त्या वय सांगणार हे ऐकायला झोहरा खालांसकट सगळ्या बायका निघाल्या. नुसत्या बघायला, असं प्रत्येकीने घरी सांगितलं. सुभेदारही इस्त्री केलेला कोट घालून मागून येत होते. दोन सुझुकी गाड्या भरून बुरखे आणि चादरी शिरीषाच्या झाडाखाली उतरल्या तेव्हा मिर्झासाहेबांना वाटलं, मोर्चाच आला.

आत टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुमचं वय?"

बाहेरच्या व्हरांड्यातल्या सगळ्या बायका दाराशी सरकल्या.

"लिहा," फुफी सरवरी म्हणाल्या. "एकसष्ट. आणि ही बरकत. माझ्या भावाची बायको. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी आहे. सतराव्या वर्षी आमच्या घरात आली तेव्हा मी हिची वेणी घालायचे. हिला नीट भांगही पाडता येत नव्हता."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बरकत बीबींना आपा न म्हणता नुसत्या नावाने हाक मारली होती. बरकत बीबींनी बुरख्याचा पडदा खाली ओढला. तो उन्हासाठी ओढला नव्हता.

अधिकाऱ्याने फुफींचं ओळखपत्र पाहिलं. "पण बाई, यावर तुमचा जन्म चव्वेचाळीसचा आहे. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तुम्ही एकसष्टच्या कशा? आधी तुमचं वय दुरुस्त व्हायला हवं. तुमच्याहून थोरलं कुणी आहे?"

सगळ्यांनी झोहरा खालांकडे पाहिलं.

"मी नुसती बघायला आलेय," झोहरा खाला म्हणाल्या.

"झोहरा," फुफी सरवरी म्हणाल्या, "मी एकसष्ट म्हणाले. अख्ख्या कचेरीसमोर म्हणाले. आता तू भूकंप सांग."

झोहरा खालांनी नाइलाजाने भूकंप सांगितला. पुन्हा सांगायला मिळाल्यावर त्यांना राहवलं नाही. भिंत, भाऊ, उडी, सगळं आलं. सांगून संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सदुसष्ट वर्षांच्या झालो. पण त्यांचंही ओळखपत्र त्याच रांगेतलं. त्यांचं वय दुरुस्त करायला तिसरी लागली, तिसरीला चौथी. हिवाळ्यात जुना स्वेटर उसवायला घेतला की एका टाक्याबरोबर जशी बाहीच हातात येते, तशी ती रांग उसवत गेली. दुपारपर्यंत लोहार गल्ली सरकारदरबारी दीडशे-दोनशे वर्षांनी म्हातारी झाली होती. मिर्झासाहेबांच्या टाइपरायटरची फीत संपली. शेवटच्या आजीबाईंपाशी कुणीच थोरलं उरलं नाही तेव्हा सुभेदार पुढे झाले आणि लष्करी आवाजात म्हणाले, "मी साक्ष देतो." आता बायको एकसष्टची झालीच होती, भ्यायला काही शिल्लक नव्हतं.

एवढं होऊन नवं ओळखपत्र मुलाखतीच्या दिवसापर्यंत आलंच नाही. बरकत बीबी पहाटेच्या गाडीने तन्वीरबरोबर इस्लामाबादला गेल्या. मांडीवर शपथपत्रांचा गठ्ठा होता आणि वाटेतलं सोहावा मागे पडेपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत सालं घोकत होत्या.

"बेबे, विचारलं तेवढंच सांगा."

"तू गप्प बस. चौतीस, एक्कावन्न, चौपन्न... बघ, विसरायला लावलंस."

खिडकीमागे एक तरुण गोरी बाई होती आणि तिच्या शेजारी आपल्याकडचीच एक दुभाषी मुलगी.

"कशासाठी जाताय?"

"मुलीचं बाळंतपण. चौदा वर्षांनी."

गोऱ्या बाईने डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचली. मग काहीतरी म्हणाली.

"मॅडम विचारतात, तुम्ही परत याल कशावरून?" दुभाषी मुलगी म्हणाली. "तुमची मुलगी तिकडे, नातवंड तिकडे."

घोकलेल्या सालांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बरकत बीबी दुभाषी मुलीकडे वळल्या.

"बेटी, त्यांना सांग, परवा कचेरीत माझी नणंद मला धाकटी म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते गल्लीत रोज ऐकायचं सोडून मी विलायतेला राहू?"

दुभाषी मुलीला हे सांगायला बराच वेळ लागला. गोऱ्या बाईने पुढे पुढे विचारलं, म्हणून कचेरी, भूकंप, सगळंच निघालं, आणि बरकत बीबींनी गठ्ठा काचेखालून आत सरकवला. गोऱ्या बाईने तो न उघडता परत सरकवला. तिच्या ओठांच्या कडा हलत होत्या.

"मॅडम म्हणतात, याची काही गरज नाही. अशा आया रोज येतात. मागच्या आठवड्यात तर एक बीबी आपल्या मुलाहून लहान होत्या. पासपोर्ट दुपारी न्या."

बाहेर आल्यावर तन्वीर कडुनिंबाखाली मटकन बसला. "म्हणजे कुणी विचारणारच नव्हतं? फुफी, झोहरा खाला, सगळ्या फुकटच..."

"तन्वीर," बरकत बीबी म्हणाल्या, "गल्लीत यातलं अक्षर बोललास तर तू माझा मुलगा नाहीस. कागदावर तसाही नाहीस."

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सगळ्या उभ्या होत्या. बरकत बीबी थेट फुफी सरवरींपाशी गेल्या.

"वयावरच सगळं अडलं होतं, आपा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "गोरी बाई ऐकायला तयार नव्हती. तुमचं शपथपत्र पाहिलं तेव्हा कुठे शिक्का मारला."

"मारणारच," फुफी सरवरी म्हणाल्या.

ऑगस्टात नाहीदला मुलगा झाला. त्याला कोणत्या कुशीवर थोपटायचं, हे विचारायला दुकानात दोनदा फोन आला आणि फुफी सरवरी दोन्ही वेळा चप्पल न घालता धावल्या.

पुढच्याच महिन्यात नदी आली. आमच्या गल्लीची माणसं गच्च्यांवर चढून वाचली, हे नशीब. ट्रंकांमधले कागद वाचले नाहीत. कचेरीचाही तळमजला पाण्याखाली गेला होता. चिखल वाळल्यावर गल्लीच्या तोंडाशी पुन्हा टेबल आलं, पुन्हा कारकून आला, पुन्हा बायकांची रांग लागली आणि फुफी सरवरी पुन्हा सर्वांत पुढे. टेबलाशेजारी मदतीच्या रजयांचा ढीग होता आणि साठीच्या पुढच्यांना आधी द्यायच्या, असं ठरलं होतं.

"वय?"

फुफी सरवरींनी रजयांकडे पाहिलं, चिखलात उभ्या असलेल्या पायांकडे पाहिलं. "सत्तर," त्या म्हणाल्या.

मागची लगेच म्हणाली, "एकाहत्तर." झोहरा खाला नव्वदच्या झाल्या. सुनासुद्धा पन्नाशीच्या पुढे सरकल्या.

बरकत बीबी थंडीत परत आल्या तेव्हा अख्ख्या गल्लीत शेहेचाळीसच्या जन्माचं, बरोबर नेलेलं जुनं ओळखपत्र त्यांच्या एकट्यापाशीच उरलं होतं. सरकारच्या हिशोबाने त्या गल्लीतल्या सर्वांत तरुण विधवा होत्या आणि लग्नकार्यात फुफी सरवरी खुर्चीवर बसून त्यांना पाणी आणायला पाठवू लागल्या. "जा गं बरकत, तुझे गुडघे चांगले आहेत." बरकत बीबी जात.

मिर्झासाहेबांनी पुढे टाइपरायटर विकून फोटोकॉपीचं यंत्र घेतलं आणि शेवटपर्यंत सराय आलमगीरच्या पुढे गेले नाहीत. झोहरा खाला गेल्या त्या हिवाळ्यात गल्लीतल्या मुलांना भूकंप सांगणारं कुणी उरलं नाही. मुलंच मग पुराची गोष्ट सांगू लागली. तन्वीरचे केस लवकर पांढरे झाले, त्यामुळे तो आईबरोबर निघाला की अनोळखी माणसं त्याला तिचा भाऊ समजत. नाहीदचा मुलगा सहा फूट झाला आहे आणि उजव्या कुशीवर झोपतो.

फुफी सरवरी आधी गेल्या. दफन झाल्यावर पाथरवट कबरीचा दगड कोरायला बसला आणि त्याने नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "वय काय लिहू?"

सुभेदारांनी पासष्ट आणि एकाहत्तर पाहिलेल्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि नजर बरकत बीबींवर येऊन थांबली.

बरकत बीबींनी ओढणीने नाक पुसलं. "लिही बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती."